जेवणखाण व निवाऱ्यावर शेतकाम : नवी रीत आणि तिच्या अटी

आपल्या संस्थेच्या महोत्सवानिमित्त निघणाऱ्या या स्मरणिकेसाठी काही उपयुक्त मजकूर लिहून द्यावा, असा निरोप संपादक मंडळींकडून आला, तेव्हा विषयाची शोधाशोध करावी लागली नाही. विषय घरातच चालून आला होता.

झाले असे, की गेल्या वर्षी कॉलेजची परीक्षा आटोपल्यावर माझ्या नातवाने सांगितले, "नाना, मी जूनमध्ये तीन आठवडे एका शेतावर राहायला जातो. सकाळी शेतात काम करायचे. त्याबद्दल ते लोक दोन वेळचे जेवण आणि राहायला जागा देतात. पैसे द्यायचे नाहीत आणि घ्यायचेही नाहीत." मी काही बोलण्यापूर्वीच माझे थोरले बंधू, ज्यांना आम्ही सारे दादा म्हणतो, ते खाटेवर उठून बसले. म्हणाले, "जेवणावर राबायचे? अरे, ते मी केले आहे. ते सोडून मी सुरतेस आलो. आता घरचा मुलगा आपल्या पायांनी सालदार व्हायला निघाला काय?"

दादांचा राग अनाठायी नव्हता. १९७२ च्या दुष्काळात खानदेशातील आमच्या गावी विहिरींनी तळ गाठला आणि दादा ज्यांच्याकडे सालाने होते, त्यांच्याच घरी दाण्याची चणचण भासू लागली. तेव्हा ते ताप्ती खोऱ्यातील गाडीत बसून उधन्यास उतरले आणि मागाच्या कारखान्यात कांडी भरण्याच्या कामाला लागले. उधना, लिंबायत, दिंडोली, पांडेसरा या भागांत आज जी आपली मराठी कुटुंबे आहेत, त्यांपैकी कित्येकांच्या घरची कथा याहून फारशी निराळी असणार नाही. म्हणून दादांचा प्रश्न एका घरचा नाही. अन्न व निवाऱ्याच्या मोबदल्यात शेतावर श्रम करणे हे कमीपणाचे की हिताचे? आणि हिताचे असेल, तर कोणत्या अटींवर? या प्रश्नांचा उलगडा यथामती करण्याचा येथे विचार आहे.

ही रीत म्हणजे काय

शहरातला माणूस काही दिवस एखाद्या लहानशा शेतावर जाऊन राहतो. रोज ठरावीक तास शेतकऱ्याबरोबर काम करतो. त्याबद्दल शेतकरी त्यास आपल्या घरी जेऊ घालतो, झोपावयास जागा देतो आणि आपली विद्या शिकवतो. मजुरी नाही आणि खानावळीचे बिलही नाही. एवढेच या व्यवहाराचे स्वरूप आहे.

या रीतीला आज जगभर जे संघटित रूप आले आहे, त्याचा आरंभ १९७१ साली इंग्लंडमध्ये झाला. लंडन शहरात एका कचेरीत चिटणिसाचे काम करणाऱ्या सू कॉपर्ड या बाईंना खेड्यात जाऊन राहण्याची ओढ होती. परंतु तेथे त्यांच्या ओळखीचे कोणी नव्हते. तेव्हा ससेक्स परगण्यातील इमर्सन कॉलेजच्या शेतावर शनिवार-रविवार काम करण्याची परवानगी त्यांनी मिळविली. पहिल्या खेपेस अवघी चार माणसे गेली. ते शेत रासायनिक खतांवाचून चालत असे, आणि अशा शेताला माणसांचे हात नेहमीच कमी पडतात. त्यामुळे दोन्ही पक्षांची सोय झाली. या चार माणसांपासून जी चळवळ वाढली, ती 'वूफ' या आद्याक्षरी नावाने ओळखली जाते आणि आज शंभरांहून अधिक देशांत पसरली आहे. भारतातही तिची यादी आहे. वर्गणी भरून सभासद झालेल्यास त्या यादीतील शेतकऱ्यांशी पत्रव्यवहार करता येतो. दिवसाला साधारण चार ते सहा तास काम, हा तिचा सर्वसाधारण शिरस्ता आहे.

जपानमध्येही असेच एक ठिकाण होते. नैसर्गिक शेतीचे पुरस्कर्ते मासानोबु फुकुओका यांच्या शिकोकु बेटावरील डोंगराळ बागेत देशोदेशींचे तरुण येऊन मातीच्या भिंतींच्या झोपड्यांत राहात, स्वतः पिकविलेले खात आणि फुकुओकांच्या हाताखाली काम करीत. फुकुओकांना १९८८ साली मॅगसेसे पारितोषिक मिळाले. हेच फुकुओका पुढे आपल्या जवळच्या एका वाडीवर येऊन गेले. ती वाडी म्हणजे उमरगावनजीकच्या देहरी गावची, भास्करराव सावे यांची 'कल्पवृक्ष' वाडी. उमरगावचा हा भाग १९६० पूर्वी ठाणे जिल्ह्यात मोडत असे. सावे यांनी आरंभी रासायनिक खतांचा मार्ग चोखाळला होता. मग तो सोडून त्यांनी चौदा एकरांत चिकू, नारळ व भात यांची अशी शेती उभी केली, की ती पाहण्यास दुरून लोक येत. २०१५ साली ते निवर्तले. अशा वाडीवर पाहुणा म्हणून तासभर हिंडल्याने डोळ्यांचे पारणे फिटते, हे खरे. परंतु झाडाच्या बुंध्याशी पालापाचोळा किती जाड पसरावा, पाणी खोडापासून किती हात दूर द्यावे, हे कळण्यास हातांनी चार दिवस काम करावे लागते. या रीतीचे मर्म नेमके येथे आहे.

आपल्याकडील चांगली रूपे

परदेशातील उदाहरणे प्रथम दिली, म्हणून ही कल्पना तिकडून आली असे कोणी समजू नये. जेवणावर काम करण्याचा रिवाज आपल्या मातीत फार जुना आहे, आणि त्याची उत्तम रूपे आपल्या वाडवडिलांनी पाहिलेली आहेत.

'इर्जिक' हा शब्द वडीलधाऱ्यांस ठाऊक असेल. ज्याच्याजवळ पुरेसे बैल नाहीत, अशा शेतकऱ्याचे रान नांगरण्यास शेजारीपाजारी आपापले औत घेऊन येत. दिवसभर नांगरट होई आणि संध्याकाळी तो शेतकरी साऱ्यांस पोटभर जेऊ घाली. मजुरीचा शब्दही निघत नसे. 'सावड' म्हणजे पाळीपाळीने एकमेकांच्या शेतात राबणे. आज तुझ्या शेतात, उद्या माझ्या. पुणे जिल्ह्याच्या आंबेगाव-जुन्नर भागातील महादेव कोळी लोक भातखाचरांची बांधबंदिस्ती 'पडकई' या नावाने अशीच मिळून करीत आले आहेत, आणि सातपुड्याच्या भिल्ल-भिलाला वस्त्यांतील 'लाह' हीदेखील त्याच जातीची आहे. या सर्वांत एक खूण समान दिसते. आज जो जेवण घालतो, तो उद्या दुसऱ्याच्या पंगतीत बसतो. कोणी कायमचा धनी नाही आणि कोणी कायमचा गडी नाही.

याच रिवाजाला पुढे विचारवंतांनी शिक्षणाचे रूप दिले. महात्मा गांधींनी दक्षिण आफ्रिकेत १९१० साली टॉल्स्टॉय फार्म सुरू केले, त्यावर सत्याग्रही कुटुंबे एकत्र राहात आणि लहानथोर सारे अंगमेहनत करीत. आचार्य विनोबांनी १९५० च्या सुमारास पवनारच्या आश्रमात कांचनमुक्तीचा प्रयोग केला. पैशाचा आधार सोडावयाचा आणि आपल्या श्रमांवर जगावयाचे, असा तो निश्चय होता. बैलांवाचून, कुदळ-फावड्याने केलेल्या त्या शेतीस त्यांनी 'ऋषिशेती' असे नाव दिले. आपल्या सुरतेच्या बाजूस वालोड तालुक्यातील वेडछी येथे जुगतराम दवे यांनी आदिवासी मुलांच्या शिक्षणात शेती व सूतकताई यांस अभ्यासाइतकेच स्थान दिले. चंद्रपूर जिल्ह्यात मूल तालुक्यातील सोमनाथ येथे बाबा आमटे यांनी १९६७ पासून जो प्रकल्प उभारला, तेथील उन्हाळी श्रमसंस्कार छावणीत महाराष्ट्रातील तरुणांच्या कित्येक पिढ्या जाऊन आल्या. पहाटे उठून कुदळ हाती घ्यावयाची आणि दुपारनंतर चर्चा-व्याख्याने ऐकावयाची, असा तेथील परिपाठ. छावणी ही काही लहान शेतकऱ्याच्या घरचा मुक्काम नव्हे. तरीही पांढरपेशा घरच्या मुलास हाताला फोड येणे म्हणजे काय, हे तेथे प्रथम कळते.

दादांचा सालदार आणि सुरतेचा हाली

येथवरचे वाचून कोणी म्हणेल, मग अडचण कोठे आहे? अडचण अशी, की हाच व्यवहार, म्हणजे अन्न व निवारा यांच्या बदल्यात श्रम, दुसऱ्या बाजूने फार कडू झालेला आहे. ते विसरून या रीतीचे नुसते गोडवे गाणे बरे नव्हे.

खानदेशात आखाजीच्या सणाला सालदाराचे साल ठरे. वर्षाकाठी अमुक रुपये, अमुक धान्य, जोडीला एखादे धोतर, वहाणा किंवा घोंगडी. रकमेपैकी बरीचशी उचल आधीच घेतलेली असे. मग पुढल्या आखाजीपर्यंत दिवस आणि रात्र धन्याची. गुरांचे शेणपाणी पहाटे, औत दिवसा आणि राखण रात्री. दादा सांगतात, की त्यांची आई आजारी पडली, तेव्हा दोन दिवस घरी जाण्यास परवानगी मागावी लागली, ती मिळाली, पण ते दोन दिवस सालाच्या शेवटी भरून द्यावे लागले. धनी वाईट होता असे दादा म्हणत नाहीत. "जेवण पोटभर मिळे," असेच सांगतात. "पण उठून चालते होता येत नसे."

आपण ज्या सुरत जिल्ह्यात राहतो, तेथील इतिहास याहून कठोर आहे. येथे 'हाली' पद्धत होती. तेव्हा दुबळा म्हणविल्या जाणाऱ्या आणि आज हळपती या नावाने ओळखल्या जाणाऱ्या समाजातील तरुण लग्नासाठी जमीनदाराकडून कर्ज घेई आणि त्या कर्जापोटी त्याचा हाली बने. राहावयास मालकाच्या जागेत झोपडी, कामाच्या दिवशी धान्य, आणि घरातील स्त्रीने मालकाच्या घरचे शेणगोठा व झाडलोट करावी. कर्ज बहुधा कधी फिटत नसे. ते वाढतच जाई आणि त्याबरोबर माणूस बांधला जाई. डच समाजशास्त्रज्ञ यान ब्रेमन यांनी दक्षिण गुजरातेतील गावी राहून या पद्धतीचा अभ्यास केला. त्यांचा ग्रंथ १९७४ साली प्रसिद्ध झाला. १९७६ च्या कायद्याने वेठबिगारी देशभर बंद ठरविण्यात आली आणि वेठीला बांधणारी कर्जे रद्द झाली.

आता पाहा. हालीस जेवण होते, झोपडी होती आणि शेतकामही होते. इंग्लंडातील त्या चार माणसांसही तेच होते. बाहेरून पाहणाऱ्यास दोन्ही चित्रे सारखी दिसावीत. मग फरक कशात आहे? माझ्या मते तो तीन गोष्टींत आहे. पहिली, मनात येईल त्या दिवशी परत जाण्याची मोकळीक. दुसरी, कामाच्या तासांस घातलेली मर्यादा. तिसरी, कोणाचे कोणावर देणे नसणे. या तीन गोष्टी असल्या तर श्रमाचा संस्कार होतो. यांपैकी एक जरी ढळली, तरी ती वेठ होते, मग तिला नाव कितीही सुंदर दिलेले असो.

अर्धाच दिवस का

चार-सहा तासांचीच मर्यादा का, असे पुष्कळ विचारतात. त्याचा हिशोब सरळ आहे. मजूर दिवसभर काम करतो तेव्हा त्याच्या मजुरीतून त्याचे जेवण, घरभाडे, मुलांची शाळा, आजारपण हे सारे निघावयाचे असते. शिकाऊ माणसास येथे फक्त जेवण व निवारा मिळतो. तेव्हा पुऱ्या दिवसाचे काम घेणे म्हणजे त्याची उरलेली मजुरी गिळणे होय.

उलट बाजूही पाहिली पाहिजे. शहरातील मुलगा पहिल्या आठवड्यात शेतकऱ्याच्या फारसा उपयोगी पडत नाही. निंदणीस बसवले तर तणाबरोबर रोपही उपटतो. सराईत बाई दोन ओळी कापूस वेचून पुढे जाते, तोवर हा अर्ध्या ओळीतच पाठ धरून उभा. त्याला शिकविण्यात शेतकऱ्याचा वेळ जातो, तो निराळाच. म्हणून ज्यास मजूर हवा आहे, त्याने मजूरच लावावा आणि रीतसर मजुरी द्यावी. शिकाऊ माणूस हा मजुराची जागा घेण्यासाठी नाही. बारडोलीच्या बाजूस उसाच्या हंगामात आपल्याच खानदेशातून व डांगातून तोडणीची कुटुंबे कोयते घेऊन येतात. त्यांचे पोट त्या कामावर आहे. हौसेने आलेल्या मुलांस फुकट कामास लावून अशा माणसांची रोजी कोणी कमी करील, तर तो अन्याय होईल. लहान शेतावर जी कामे एरवी होतच नाहीत, ती या मुलांनी करावीत. शेणखताचा खड्डा रचणे, रोपवाटिकेत पिशव्या भरणे, बांधावर झाडे लावणे, बियाणे निवडणे, परसातील भाजीपाला पाहणे, अशी ती कामे होत.

जाण्यापूर्वी ठरवावयाच्या गोष्टी

आमच्या परिचयातील एक मुलगा दोन वर्षांपूर्वी काहीही न ठरविता एका शेतावर गेला. चार दिवस त्यास सकाळी सातपासून अंधार पडेपर्यंत माल भरण्यास लावले. शिकविणे नावालाही नव्हते. रात्री बियाण्याच्या पोत्यांवर निजावे लागले. मुलगा भिडस्त, बोलला नाही; पाचव्या दिवशी पोटदुखीचे निमित्त सांगून परत आला, आणि आता शेताचे नावही काढीत नाही. दोष एकट्या शेतकऱ्याचा नव्हता. काय ठरले आहे, हे दोघांसही ठाऊक नव्हते. म्हणून पुढील गोष्टी आधी बोलून घ्याव्या, आणि शक्य तर कागदावर लिहून ठेवाव्या.

दिवसाचे तास किती आणि आठवड्यात सुटी कोणत्या दिवशी, हे पहिले. मुक्काम किती दिवसांचा, हे दुसरे. नवख्याने दोन ते तीन आठवड्यांहून अधिक ठरवू नये. गोडी लागली तर वाढविता येते. झोपण्याची जागा, न्हाणीघर, शौचकूप यांची चौकशी संकोच न करता करावी. मुलींनी एकटे जाऊ नये असे मी म्हणत नाही, परंतु घरात बाईमाणूस आहे ना, खोलीस आतून कडी आहे ना, हे घरच्या कोणी तरी आधी जाऊन पाहून यावे. वय अठरा पुरे झालेले असावे. जेवणात काय असते, तेही विचारावे. सकाळी कळण्याची भाकरी आणि ठेचा पुढे आल्यावर तोंड वाकडे करणाऱ्या पाहुण्याइतके जड शेतकऱ्याच्या घरी दुसरे काही नसते.

काही कामे शिकाऊ माणसाने मुळीच करू नयेत. कीटकनाशकांची फवारणी हे त्यांतील पहिले. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन अनेक शेतकरी व शेतमजूर दगावले. ते तर अनुभवी होते. मळणीयंत्र, विहिरीत उतरणे आणि पाण्याच्या मोटारीच्या तारांशी खेळणे, हीही वर्ज्य समजावी. जाण्यापूर्वी धनुर्वाताची लस टोचून घ्यावी. पावसाळ्यात पायात बूट आणि रात्री हाती विजेरी असावी. नाग, मण्यार, घोणस, फुरसे यांपैकी काहीही चावले, तर मांत्रिकाकडे घटकाही न दवडता सरकारी दवाखाना गाठावा. तेथे सर्पविषावरील लस मिळते. तो दवाखाना किती दूर आहे, हे पहिल्याच दिवशी विचारून ठेवावे.

शेतकऱ्याच्या बाजूनेही दोन शब्द. घरात परका माणूस ठेवणे सोपे नाही. घरच्या बाईवर एका ताटाचा भार वाढतो, म्हणून आपले ताट आपण घासावे आणि चुलीपाशी हात लावावा. ज्यास शिकवावयाची आवड नाही, त्याने असा माणूस बोलावूच नये. ज्याला आवड आहे, त्यास मात्र आणखी एक लाभ होतो. आज खेड्यांतील अनेक घरांत म्हातारी नवराबायकोच उरली आहेत. मुले सुरत, नाशिक, पुणे येथे गेली. तेथे संध्याकाळी ओट्यावर बसून "आबा, हे बी कधी टोचायचे?" असे विचारणारे कोणी असणे, याची किंमत रुपयांत होत नाही.

आपल्याच गावी का नाही

येथे कोणी विचारील, की परक्याच्या शेतावर कशाला, आपल्या मामाचे, काकांचे शेत आहेच की! विचार उत्तम आहे, पण त्यात एक गोम आहे. मामाच्या घरी भाचा पाहुणा असतो. मामी त्याला खाटेवर बसविते, वांग्याचे भरीत करते आणि उन्हात पाठवीत नाही. आठ दिवसांनी भाचा वजन वाढवून उधन्यास परततो. ज्यास खरोखर शिकावयाचे आहे, त्याने मामाशीही हाच करार करावा: सकाळचे पाच तास मी तुमचा गडी, नंतर भाचा. असे स्पष्ट बोलल्यावर मामासही बरे वाटेल, असा माझा अनुभव आहे.

याची गरज का आहे, तेही सांगतो. आपल्या पिढीने शेत सोडले, पण शेताची माहिती डोक्यात घेऊन आलो. दादर केव्हा पेरतात, वखराची पाळी केव्हा द्यावी, ढगांचा रंग कसा ओळखावा, हे आम्हास कोणी शिकविलेले नव्हते. ते अंगवळणी पडले होते. आमच्या मुलांनी ते कानांनी ऐकले. नातवांच्या कानी मात्र मागाची खटखटच पडली आहे. २०२० च्या टाळेबंदीत कारखाने थांबले, तेव्हा किती तरी कुटुंबे गावाकडे गेली. त्या वेळी दोन एकरांचा तुकडाही आधार वाटला, पण तो कसण्यास लागणारी विद्या तरुणांजवळ नव्हती. सातबाऱ्यावर नाव राहिले आणि हात कोरे राहिले, अशी ती स्थिती होती. जमीन वारशाने मिळते. तिची माहिती वारशाने मिळत नाही, ती कोणाजवळ तरी बसून घ्यावी लागते.

शेवटी घरचा निकाल

दोन दिवस घरात चर्चा चालली. मी नातवास हे सारे कागदावर मांडावयास सांगितले. तास पाच, गुरुवारी सुटी, फवारणी नाही, मुक्काम तीन आठवडे. दादांनी कागद वाचून घेतला आणि म्हणाले, "एक कलम राहिले. याला वाटेल त्या दिवशी परत येता आले पाहिजे, आणि कोणी का म्हणून विचारू नये. हे लिही, मग जाऊ दे." नातवाने ते लिहिले. शेतकऱ्यानेही ते आनंदाने मान्य केले. मुलगा उधन्याहून ताप्ती लाईनच्या गाडीत बसून नवापूरपर्यंत गेला, म्हणजे ज्या मार्गाने दादा आले त्याच मार्गाने उलटा. नवापूरचे स्टेशन अर्धे गुजरातेत आणि अर्धे महाराष्ट्रात आहे. तेथून शेत तासाभराच्या अंतरावर होते.

तो तीन आठवडे पुरे करून आला. सरकी टोचणे, गांडूळखत चाळणे, रोपांस पाणी देणे, इतके शिकला. फार मोठे काही केले असे नाही. परंतु आल्यावर दादांशी तो ज्या गोष्टी बोलत बसला, त्या ऐकून मला वाटले, की आजा-नातवांत बोलण्यासारखा विषय आमच्या घरात पुष्कळ वर्षांनी निघाला. पेरणीच्या वेळी वाफसा म्हणजे नेमका काय, हे तो दादांना विचारीत होता, आणि दादा मुठीत माती धरल्यासारखी मूठ वळून दाखवीत होते.

या निमित्ताने संस्थेच्या विश्वस्तांस एक नम्र सूचना करावीशी वाटते. आपल्या सभासदांपैकी अनेकांची शेती गावाकडे आहे आणि अनेकांच्या घरी सुटीत रिकामी बसणारी मुले आहेत. संस्थेने एक साधी वही ठेवावी. तिच्या एका बाजूस शिकविण्यास तयार असलेल्या शेतकरी कुटुंबांची नावे, दुसऱ्या बाजूस जाऊ इच्छिणाऱ्या तरुणांची नावे, आणि पहिल्या पानावर वर सांगितलेल्या अटी. त्यास पैसा लागणार नाही. फक्त दादांचे कलम त्या अटींत सर्वांत वर असावे: येथे आलेला माणूस त्याला वाटेल त्या दिवशी घरी परत जाऊ शकतो. ज्या पिढीस तसे जाता येत नव्हते, तिने आपल्या नातवंडांसाठी घातलेली ती अट आहे.

सभासद बंधुभगिनींनी या सूचनेचा विचार करावा, अशी विनंती करून हा लेख पुरा करतो.